दगडातलं तळं

खट्.

दुपारची सामसूम. लेक नुकतीच झोपलेली. घरात सगळे तिला बटण म्हणत, कारण ती चालू कशी होते हे सर्वांना ठाऊक होतं, बंद कशी करायची हे कोणालाच नाही. आज महत्प्रयासाने बंद झाली होती आणि तेवढ्यात कपाटामागे हा आवाज!

आई श्वास रोखून उभी राहिली. बटण कूस बदलून पुन्हा झोपली. मग आईने कपाटामागे डोकावून पाहिलं. उन्हाने तापून तिथली फळी बोलली होती. सागवानी, हातभर रुंद, दीड इंच जाड, अंगावर अजून करवतीचे ओरखडे. तिच्या बाबांनी ती नातीच्या टेबलासाठी राखून ठेवली होती. बाबा सुतार. त्यांनी फळीवर खडूने ‘बटण’ असं लिहिलं, टेबल तेवढं बाकी ठेवलं आणि निघून गेले. त्याला दीड वर्ष झालं.

“ऐकलं, बाबा,” ती हळूच म्हणाली. “घेते करायला.”

आणि तिथून सगळं बिघडायला सुरुवात झाली.

तशी ती कोणी लेचीपेची नव्हती. बटणच्या जन्माआधी सात वर्षं तिने कारखान्याच्या टूलरूममध्ये कटरना धार लावली होती. केसाच्या विसाव्या भागाएवढी चूक तिला दिसायची, म्हणून तिथे सगळे तिला मायक्रॉनबाई म्हणत. नवऱ्याला तिने रात्रीच्या जेवणात ऐकवलं की टेबल काय, महिनाभरात होईल. कापणं म्हणजे काही जोर नव्हे, कापणं म्हणजे कोन. वस्तऱ्याचा कोन कुऱ्हाडीला दिला तर धार पहिल्याच घावात तुटेल, कुऱ्हाडीचा वस्तऱ्याला दिला तर दाढीऐवजी गालच सोलून निघेल. हे ती हातात वांगं धरून सांगत होती. नवऱ्याने स्वतःच्या गालावरून हात फिरवला आणि मुकाट्याने भात वाढून घेतला.

टेबलाचं निमित्त होतं, हे मात्र तिने कोणाला सांगितलं नाही. तिला तो आवाज हवा होता. लहानपणी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच ऐकू यायचा तो. बाबांचा रंधा फळीवरून जाताना येणारा, रेशमी पातळ घडीतून ओढावं तसा. स्सर्रर्र. मग लाकडाचं लांबलचक सालपट त्यांच्या मनगटावर गुंडाळलेलं. दीड वर्षात गल्ली तीच राहिली होती, आवाज तेवढा नव्हता. एकदा, एकदाच तो तिला स्वतःच्या हाताखालून ऐकायचा होता.

तर दुसऱ्या दिवशी बटण झोपताच तिने बाबांची पेटी उघडली. रंध्याचं पातं बाहेर काढलं, पोलादी पट्टीला धारेशी टेकवून खिडकीच्या उजेडात धरलं आणि तिचा जीव कळवळला. धार सरळ नव्हतीच! मधोमध पट्टीला टेकत होती आणि दोन्ही टोकांना उजेड दिसत होता. शेवटी शेवटी बाबांचा हात थरथरायचा, हे तिला आठवलं. किती दिवस अशा वाकड्या धारेवर काढले असतील त्यांनी, आणि आपण सात वर्षं कारखान्याच्या कटरना धार लावली, पण हे पातं एकदाही हातात घेतलं नाही.

“थांबा, तुम्हाला सरळ करून देते,” असं म्हणून तिने धार लावायचा दगड घेतला. तो तर त्याहून वाईट. मधोमध खोलगट, जुन्या देवळाच्या पायरीसारखा झिजलेला! बटणला तो फार आवडे. खड्ड्यात चमचाभर पाणी ओतून ती त्यात कागदाची होडी सोडायची आणि म्हणायची, माझं तळं.

सपाट दगडाशिवाय सरळ धार कशी लागणार? मायक्रॉनबाईंनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पॉलिश पेपर पसरला आणि त्यावर दगड घासायला घेतला. पाच दुपारी गेल्या. करड्या चिखलाने सिंक तुंबलं. नवऱ्याने रविवारी पाइप खोलून तो बाहेर काढला आणि विचारलं की आपण घर बांधतोय का. पण दगड असा आरशासारखा सपाट झाला की त्यावर पट्टी ठेवली तर खालून उजेडाची रेघसुद्धा दिसेना. मग तिने पातं घासलं, सरळ केलं, आणि हात लागलाच आहे म्हणून कोनही जरा निमुळता केला. हाताच्या पाठीवरचे केस सपासप उडाले. बाबा असते तर नक्कीच खूश झाले असते, असं तिला वाटलं.

तिने फळी दोन स्टुलांवर टाकली, डोळे मिटले आणि रंधा ढकलला.

खर्रर्र-टक्.

पहिल्या गाठीपाशी धारेचा तुकडा उडाला. पुन्हा घासणं आलं. पुन्हा रंधा. आता तो चालला, पण जाईल तिथे फळीवर दोन समांतर चरे ठेवत गेला, आगगाडीच्या रुळांसारखे! ते घालवायला तिने शेजारून रंधा मारला, तर तिथे आणखी दोन रूळ. ते घालवायला आणखी. आठवडाभरात फळीवर जंक्शन झालं. बरं, तिच्याकडे वेळ होता किती? बटण झोपली की पन्नास मिनिटं, त्यातली दहा कानोसा घेण्यात जायची.

फळी मात्र रोज बारीक होत होती. दीड इंचाची सव्वा झाली, सव्वाची एक. टेबलाचं स्टूल करावं, असं तिने ठरवलं. पाऊण इंचावर आल्यावर स्टुलाऐवजी भिंतीवरची मांडणी करायचं ठरलं. नवऱ्याने येताजाता फळी उचलून पाहिली आणि म्हणाला, “अजून पंधरा दिवस दिलेस तर फूटपट्टी होईल. शाळेत लागतेच म्हणा.”

ती हसली नाही. नेमका त्याच दिवशी तिने पहिल्यांदा फळी उलटून नावाच्या बाजूला रंधा लावला होता, आणि खडूने लिहिलेल्या ‘बटण’मधला शेवटचा ‘ण’ सालपटाबरोबर निघून गेला होता.

शेवटी एका कडेवर बटण, दुसऱ्या काखेत फळी आणि पिशवीत रंधा असं लटांबर घेऊन ती पॉलिशकाकांच्या दुकानी गेली. बाबांनी केलेल्या प्रत्येक वस्तूला त्यांनीच तीस वर्षं पॉलिश केलं होतं. काकांनी फळी उजेडात तिरकी धरली.

“पोरी, पेरणी कधी?”

“काका, थट्टा नको. बाबांचा रंधा बिघडलाय.”

काकांनी पातं बाहेर काढलं. अंगठा धारेवर आडवा फिरवला, एकदा, दोनदा. त्यांचा चेहरा उतरला.

“याची गोलाई कोणी काढली?”

“गोलाई कुठली, वाकडी झाली होती. मी सरळ केली,” ती म्हणाली.

काका स्टुलावर बसले आणि त्यांनी जे सांगितलं ते असं. तरुणपणी बाबांनी कोणाकडून तरी जुना दगड घेतला, तो मधोमध झिजलेला निघाला. विकणाऱ्याला त्यांनी महिनाभर शिव्या घातल्या. त्या खड्ड्यात घासून पात्याची टोकं झिजली, मधला भाग जरासा पुढे राहिला, आणि एक दिवस बाबांच्या लक्षात आलं की त्यांच्या फळीवर चरे उठत नाहीत. सरळ धारेची टोकं लाकडात रुततात. याची टोकं अलगद वर राहत होती. त्या दिवसापासून त्यांनी शिव्या थांबवल्या आणि त्या दगडाला कोणाला हात लावू दिला नाही. तीस वर्षं तो खड्डा त्यांनी जपला, वाढवला.

“घाबरू नकोस. दगड आहे ना? त्याच्यात दोन दिवस घास, त्याची गोलाई आपोआप परत येईल.”

उत्तर बटणने दिलं, “आईने दगड छान पुसला.”

काकांनी आईकडे पाहिलं, मग पॉलिशच्या डब्याकडे, आणि बराच वेळ तो डबा ढवळत राहिले. ढवळायची गरज नव्हती.

“तुझा बाप म्हणायचा, लोखंड सगळीकडे सारखं, लाकूड दर वितीला स्वभाव बदलतं. लेकीला लोखंडाचं काम मिळालं, सुखी राहील.” त्यांनी पातं तिच्या हातात ठेवलं. “त्याला दगडाने शिकवलं. तुला बोटांनी शिकावं लागेल. एका टोकावर बोट दाबून दहा वेळा घास, मग दुसऱ्या टोकावर दहा. मध्ये हलका हात. आणि कोन थोडा बोथट कर, सागाला वस्तरा नको. फळीचं आता टेबल होत नाही, पण मांडीवर घेऊन लिहायचा पाट होईल. पॉलिश मी करतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तसंच केलं. उजव्या टोकावर दहा, डाव्या टोकावर दहा. पट्टी टेकवून पाहायचा मोह तिने आवरला. आयुष्यात पहिल्यांदाच मायक्रॉनबाईंनी काहीही मोजलं नाही. फळीवर राहिलेल्या ‘बट’पासून लांब, मागच्या बाजूने तिने रंधा टेकवला आणि ढकलला.

स्सर्रर्र.

अगदी तोच नव्हता. बाबांच्या आवाजाला शेवटी एक छोटीशी उचल असायची, ती याच्यात नव्हती. पण गल्लीच्या तोंडाशी असती तर तिने पावलं भराभर उचलली असती. सालपट तिच्या मनगटावर येऊन गुंडाळलं, इतकं पातळ की त्याच्या आरपार खिडकी दिसत होती. ती तशीच उभी राहिली, हात हलवला तर ते सुटेल म्हणून.

मागे पावलं वाजली. बटण उठली होती. एका हातात कागदाची होडी, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला चमचा. तिने दगडावर पाणी ओतलं. पाणी क्षणभर थबकलं आणि चारी बाजूंनी खाली ओघळलं. होडी आडवी पडली.

बटणने दगड उलटा करून पाहिला. मग पेटीत पाहिलं, मग स्टुलाखाली.

“आई, तळं नाही यात.”

“सपाट केला ना मी तो, बाळा.”

बटणने थोडा विचार केला. तिला यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं. आई खेळणी आवरते, कपडे आवरते, तसा तिने दगडही आवरला असणार. आणि आवरलेल्या वस्तू कुठेतरी ठेवलेल्या असतातच.

“बरं,” ती रिकामा चमचा पुढे करत म्हणाली, “मग आजोबांचा खड्डा कुठे ठेवलास?”