क्यू, झेड आणि व्याही

पोलादपूरचे व्याही येणार म्हणून दत्तोपंतांनी कपाटावरचा स्क्रॅबलचा, म्हणजे इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळाचा, डबा खाली काढला, फडक्याने पुसला आणि बैठकीच्या खोलीत पाहुण्यांना सहज दिसेल असा ठेवला. त्यांनी केलं ते एवढंच. पुढचं सगळं रामायण त्या डब्याने केलं.

व्याही म्हणजे अजून व्हायचे व्याही. दत्तोपंतांची लेक देवश्री आणि रुचिर यांनी पुण्यात नोकरी करता करता आपलं आपण ठरवलं होतं. आता दोन्ही घरांनी एकमेकांना पाहून घ्यायचं आणि चहानंतर साखरपुड्याची तारीख काढायची, इतकंच बाकी होतं. रुचिरचे वडील वामनराव यांचं औषधांचं दुकान होतं आणि त्यांनाही या खेळाचा नाद होता. हे कळल्यापासून दत्तोपंतांची (महाडच्या एका कचेरीत हेडक्लार्क, स्वतःच्या मते चुकून) झोप उडाली होती. क्यू असलेले शब्द, झेड असलेले शब्द, क्यू असून यू नसलेले शब्द मोबाइलवर शोधायचे आणि आंघोळ करताना घोकायचे, असा जोरदार अभ्यास चालला होता. चवदार तळ्याकडून बाजारात जाताना ते दुकानांच्या पाट्यांवरही झेड हुडकत. अख्ख्या बाजारात त्यांना एक पिझ्झा भेटला, तोही बंद दुकानावर.

पाहुणे यायच्या आधी बायकोने, अंबिकाबाईंनी, तो डबा पाहिला आणि हातातली वेलची तशीच खाली ठेवली.

"खेळायचं तर खेळा, पण हरा. मुलीकडचे आहोत आपण."

दत्तोपंतांनी काळ बदलल्याचं सांगून पाहिलं. त्यावर अंबिकाबाईंनी कॅरमची आठवण काढली. त्यांच्या भावाला दत्तोपंतांनी एकदा हरवलं होतं आणि वर टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हापासून तो भाऊबीजेला फोनवरूनच ओवाळून घेतो. दत्तोपंत तरीही वाद घालणार होते, पण दारात देवश्री उभी होती. "बाबा, प्लीज," एवढंच ती म्हणाली. लेक हा माणसाचा फार दुबळा भाग असतो. त्यांनी मान डोलावली.

पोहे झाले, आंबेनळी घाटातल्या दरडींवर बोलून झालं, आणि वामनरावांची नजर डब्यावर गेली. डाव मांडला. पाहुणे म्हणून पहिला मान त्यांचा.

"सुरुवात आपली साधीच बरी," असं म्हणत त्यांनी 'कॅट' लावलं.

दत्तोपंतांनी आपली अक्षरं पाहिली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. क्यू, यू, ए, आर, झेड. वरून चार अक्षरं, मध्ये कॅटचा टी, खाली झेड. क्वार्ट्झ. ज्या शब्दासाठी आंघोळीचं पाणी गार होऊ दिलं, तो असा समोर येऊन उभा होता. त्यांनी क्यू उचलला. स्वयंपाकघराच्या दारात बांगड्या वाजल्या. त्यांनी क्यू ठेवला. त्यांनी पुन्हा क्यू उचलला. आता बांगड्या वाजल्या नाहीत, आणि ते जास्त भयंकर होतं.

शेवटी जड हाताने त्यांनी त्या टीच्या डोक्यावर आर आणि ए ठेवले. 'रॅट'.

वामनरावांनी त्या रॅटकडे बराच वेळ पाहिलं, मग दत्तोपंतांकडे पाहिलं, आणि अगदी मऊ हाताने 'हेन' लावलं.

दत्तोपंत चरकले. हा माणूस कोंबडीवरच अडलेला दिसत होता. कोंबडीवाल्याशी हरायचं तर कोंबडीच्याही खाली उतरायला हवं. त्यांनी 'इट' लावलं. वामनरावांनी 'डॉग' लावलं आणि हसून मान हलवली. दत्तोपंतांनी 'टू' लावलं. रुचिर बापाकडे पाहत होता, देवश्री आपल्या बापाकडे. मदतीला आलेल्या कापडे गावच्या तुळजाबाई चहाचे कप उचलता उचलता थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "वयनी, सायबांना खेळता येत नाय वाटतं गो."

दत्तोपंतांनी ते ऐकलं आणि गिळलं. पण खरा घोर पुढेच होता. एवढं करूनही आकड्यांत तेच पुढे निघाले. जवळची अक्षरं संपत आली होती, वामनराव चिमण्या-कावळ्यांच्या पुढे सरकत नव्हते, आणि तारीख तर अजून कुणी उच्चारलीही नव्हती. मग त्यांना आठवलं, डाव संपताना हातात राहिलेल्या अक्षरांचे गुण कापले जातात. क्यू आणि झेड, दोघे दहा-दहाचे. त्यांनी ते दोघे उराशी धरल्यासारखे शेवटपर्यंत धरून ठेवले आणि "मला आता काही सुचत नाही" असं म्हणाले. असं खोटं ते कचेरीतही कधी बोलले नव्हते.

वामनराव जिंकले. त्यांनी दत्तोपंतांच्या हातातले क्यू आणि झेड पाहिले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वतःहून म्हणाले, पुढच्या महिन्यात मुहूर्त आहे, लांबवायला नको. देवश्रीने जाता जाता वडिलांचा खांदा दाबला. दत्तोपंतांना भरून आलं. आपण लेकीसाठी क्वार्ट्झ दिला, हे जगाला कधी कळणार नाही, या विचाराने ते महिनाभर फार थोर चेहऱ्याने वावरले.

साखरपुड्याला आहेराच्या वेळी वामनरावांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि रंगीत कागदात बांधलेलं काहीतरी दिलं. उघडा, उघडा, असा सगळ्यांचा आग्रह झाला. आत लहान मुलांचं इंग्रजीचं चित्रांचं पुस्तक होतं. मुखपृष्ठावर मांजर होतं.

वामनराव त्यांच्या कानाशी आले. "लाजू नका. आमचा रुचिर यावरच शिकला. त्या दिवशी मीही मुद्दाम सोपं सोपंच लावत होतो, तुम्हाला धीर यावा म्हणून. क्यू आणि झेड शेवटी शेवटी आहेत, त्यांची घाई करू नका."

दत्तोपंतांनी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. अंबिकाबाई बांगड्या मागे सारत होत्या. दत्तोपंतांनी पुस्तक कपाळाला लावलं आणि कसंबसं म्हणाले, "थँक यू."

वामनरावांचा चेहरा उजळला. ते मंडपाकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, लागले बोलायला."