गव्याने केलेले कन्यादान

एका जंगलात एक राजवाडा होता, पण त्यात राजा नव्हता. असं होतं कधीकधी. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पुढे ऐका.

पूर्वी राजा होता. थोरले सिंह महाराज म्हणत त्यांना. उन्हाळा आला की हवा खायला ते या टेकडीवरच्या वाड्यात येत. नुसत्या हवेनं पोट भरत नसे, म्हणून इतरही बरंच काही खात. त्यांच्या मागे त्यांची पोरं-नातवंडं शहरातल्या प्राणिसंग्रहालयात चांगल्या जागी लागली. तिथे जेवण वेळेवर मिळतं आणि पळावं लागत नाही. राजवाडा ओस पडला.

मग चित्तरंजन खोकडानं तो लग्नकार्यासाठी द्यायला सुरुवात केली. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा चुलतभाऊ. अंगानं लहान, शेपटीनं मोठा. त्यानं कमानीवर झेंडूच्या माळा लावल्या, कारंज्यातलं शेवाळ काढलं आणि थोरल्या महाराजांनी जिथे हरणं फाडली त्या हिरवळीला 'प्रीतिसंगम' असं नाव दिलं. लोकांना फार आवडलं. जिथे आपले आजे-पणजे खाल्ले गेले, तिथे आपण जेवावं, यात मोठी मौज असते.

राजवाड्याला पुढची बाजू होती, तशी मागचीही होती. मागे मुदपाकखाना, म्हणजे स्वयंपाकाची जागा. मधे करवंदीचं उंच कुंपण. मागच्यांनी पुढे यायचं नाही, असा थोरल्या महाराजांच्या वेळचा नियम होता. नियमाला कारण होतं. महाराज भुकेले असताना जो त्यांच्या नजरेला पडे, तो नंतर कुणाच्याच नजरेला पडत नसे. म्हणून मागचे मागेच राहत आणि जिवंत राहत. तसा दयाळू नियम होता.

आता महाराज नव्हते. पण खोकडानं कुंपणाला पाटी लावली, 'ऐतिहासिक परंपरा', आणि नियम तसाच ठेवला. कुंपणाला एक खिडकी होती. मागून तिच्यातून ताटं सरकवायची, पुढे पांढरेशुभ्र बगळे ती उचलून न्यायचे. बगळ्यांना पुढे फिरायची मुभा होती. ते काम करून थकले तरी स्वच्छच दिसतात.

या मुदपाकखान्यात गोंदा नावाचं अस्वल आचारी होतं. म्हातारं, जाडजूड, मऊ बोलणारं. त्याच्या हातच्या जिलबीसाठी लोक नावडत्या नातेवाइकांच्याही लग्नाला येत. पण ती कोण करतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. खिडकीतून जिलबी येते, एवढंच ठाऊक होतं.

गोंदाला एक मुलगी होती, ठकू. आई लवकर गेली, तेव्हा गोंदानंच तिला वाढवलं. एकदा पलीकडच्या डोंगरावरचं एक तरुण अस्वल कुणाच्या तरी लग्नाला आलं. त्यानं तळ्यावर पाणी भरणारी ठकू पाहिली, तिची विचारपूस केली आणि घरी जाऊन सांगितलं, "मुलगी राजवाड्यातली आहे." पोरगा खरंच बोलला होता. घरच्यांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीनं घेतला आणि लग्न ठरलं.

खोकडानं गोंदाच्या पाठीवर थाप मारली. "गोंदाभाऊ, ठकूचं लग्न पुढच्या हिरवळीवर लावू. आपल्या माणसासाठी एवढंही करायचं नाही का? जागा आमची. जेवण तेवढं तुझ्या हातचं."

गोंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, मग मला पुढे येता येईल ना? मध चाटवायला?"

हे तुम्हाला सांगायला हवं. अस्वलांत बापानं आपल्या पंज्यावर मध घेऊन मुलीला चाटवल्याशिवाय लग्न लागत नाही. मंगलाष्टका होवोत, अक्षता पडोत, मध नाही तर लग्न नाही. गोंदानं त्यासाठी एक पोळं उंच कड्यावर राखून ठेवलं होतं. त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

"अरे, बापच तू! तू नाही येणार तर कोण?" खोकड म्हणाला.

आदल्या दिवशी पुढे रंगीत तालीम होती. तालीम का, असं विचाराल. लग्न चुकलं तर चालतं, फोटो चुकून चालत नाही. फोटो काढायला खंड्या पक्षी होता. तो फांदीवर बसून ओरडला, "वधूपित्याच्या जागी कुणीतरी बसवा! मला उजेड बघायचाय!"

गोंदा मागे जिलबीचं पीठ फेटत होता. पीठ फेटताना हात थांबवायचा नसतो. म्हणून खोकडानं जवळच उभ्या असलेल्या दौलतराव गव्यांना बसवलं. दौलतराव प्रत्येक लग्नाला असत. ते काही काम करत नसत, पण उभे फार छान राहत.

नेमके त्याच वेळी नवरदेवाचे वडील आबासाहेब कमानीतून आत आले. पाटावर बसलेला तो डोंगराएवढा गवा, ती वळणदार शिंगं पाहून ते पुढे धावले आणि त्यांनी मिठीच मारली.

"व्याही! वा! काय रुबाब आहे!"

दौलतरावांना कुणी मान दिला की नाही म्हणवत नसे. त्यांनी मान हलवली.

"फक्त एक कळेना," आबासाहेब खोकडाच्या कानाशी लागले. "मुलगी अस्वल, आणि वडील गवा कसे?"

"राजघराणं आहे," खोकड हळूच म्हणाला. "मोठ्या घरांत असलं विचारत नाहीत."

आबासाहेबांनी जीभ चावली. बरोबर आलेला नवरदेव म्हणू लागला, "आबा, पण ठकूचे वडील तर..." आबा म्हणाले, "मोठी माणसं बोलताना मधे बोलू नये." त्याला चांगलं वळण होतं. तो गप्प बसला.

खोकड मुदपाकखान्यात आला, तेव्हा त्याचा आवाज मधापेक्षा गोड झाला होता.

"गोंदाभाऊ, एक छोटासा बदल आहे. बाप म्हणून दौलतराव बसतील."

गोंदाचा हात थांबला. पीठ हातात असताना पहिल्यांदाच थांबला. "पण साहेब, बाप मी आहे."

"ते कोण नाही म्हणतंय? असायला तूच आहेस. दिसायला फक्त ते. आता पाहुण्यांना एक बाप दाखवल्यावर उद्या दुसरा कसा दाखवायचा? लग्न मोडेल. पोरीचं नुकसान तू करणार आहेस का?"

गोंदानं बराच वेळ विचार केला. तो सगळंच सावकाश करत असे. "पण मध?"

"दौलतराव चाटवतील."

"त्यांना पंजा कुठाय? खुरावर मध राहत नाही साहेब. ओघळतो."

खोकडानं शेपटी इकडून तिकडे नेली. ती दोनदा फिरली की त्याला काहीतरी सुचत असे. "ही खिडकी आहे ना? दौलतरावांना खिडकीला पाठ लावून बसवू. अंगावर भलामोठा शेला. तू मागून पंजा घाल, शेल्याखालून पुढे काढ. मध तुझा, पंजा तुझा. आणखी काय पाहिजे बापाला?"

ठकूला हे कळलं तेव्हा ती हळदीच्या अंगानं तशीच मागे आली. "मी नाही बसणार त्या गव्यासमोर!"

"बस गं पोरी. पंजा माझाच असणार आहे."

"अन् बाकीचे तुम्ही?"

"बाकीचा मी इथेच आहे की. कुठे जातोय?"

"बाबा, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

गोंदानं झारा पुसला. "जरा बाजूला सरक. तेल तापलंय. अंगावर उडेल."

लग्नाचा दिवस उगवला. सनई वाजली. करकोचेभटजी एका पायावर उभे राहून मंगलाष्टका म्हणू लागले. दौलतराव खिडकीला पाठ लावून असे बसले होते, की खुद्द थोरल्या महाराजांनीही आधी नमस्कार केला असता आणि मग खाल्लं असतं. वराकडचे लोक त्यांच्याकडेच पाहत होते. नवरीकडे कुणी पाहत नव्हतं, तेव्हा ती रडते आहे हेही दिसलं नाही. दिसलं असतं तरी चाललं असतं. नवरीनं रडायचंच असतं.

"वधूपित्यानं मध चाटवावा," भटजी म्हणाले.

दौलतरावांनी दोन्ही खूर मांडीवर ठेवले. आणि शेल्याखालून हळूच एक केसाळ, काळा पंजा बाहेर आला. त्यावर मध होता.

"अगंबाई," नवरदेवाची मावशी कुजबुजली, "व्याह्यांना तिसरा हात?"

"हळू बोल," नवरदेवाची आई म्हणाली. "राजघराणं आहे."

ठकूनं मध चाटला. पंज्याला वेलदोड्याचा वास होता, बोटं तेलानं पोळलेली होती. ती लहान असताना याच बोटांना धरून चालायला शिकली होती. लग्न लागलं. पंजा मागे जाऊ लागला.

ठकूनं तो धरला.

"बाबा, बाहेर या."

"सोड ठकू," दौलतरावांच्या पाठीमागून आवाज आला. "जिलब्या करपतील."

"करपू देत."

तिनं दोन्ही हातांनी ओढलं. अस्वलाचीच मुलगी ती. खिडकी आली, खिडकीबरोबर कुंपण आलं, आणि कुंपणाबरोबर गोंदा आला. दौलतराव एका बाजूला कलंडले. ऐतिहासिक परंपरा आडवी झाली, आणि तिच्यावर कमरेला फडकं गुंडाळलेला, कपाळाला पीठ लागलेला, अंगभर काटे रुतलेला म्हातारा आचारी पालथा पडला.

सनई थांबली. खोकडानं डोळे मिटून घेतले.

ठकू उभी राहिली. तिचा आवाज शेवटच्या पाटापर्यंत पोचला. "हे माझे वडील आहेत. सख्खे. यांनी मला वाढवलं, आणि तुमचं सगळ्यांचं जेवणही यांनीच केलंय. हा गवा माझा कुणी नाही."

दौलतराव गवतात काहीतरी शोधू लागले.

मग आबासाहेब उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. आता हे लग्न मोडणार, असं गोंदाला वाटलं, आणि त्यानं पडल्यापडल्याच हात जोडले.

आबासाहेबांनी टाळी वाजवली.

"वा! याला म्हणतात संस्कार! अरे, आचाऱ्याला सख्खा बाप म्हणते! अन् जन्मदात्याला चारचौघांत कुणी नाही म्हणते, कशासाठी? गरिबाचा मान राहावा म्हणून! एवढं मोठं मन राजघराण्यातच असतं!"

मग काय, सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. मावशी पदरानं डोळे पुसू लागली.

"अहो, मी खरं सांगतेय!" ठकू ओरडली.

टाळ्या दुप्पट झाल्या.

"आबा, ते खरंच तिचे..." नवरदेव म्हणाला. त्याला आज दुसऱ्यांदा धीर झाला होता.

"रडू नकोस वेड्या," आबासाहेब म्हणाले. "वरातीत डोळे सुजलेले दिसतील."

तेवढ्यात खंड्या फांदीवरून ओरडला, "आचारी! पडतानाचा फोटो हलला! परत मागे जा आणि परत पड!"

गोंदा मागे गेला आणि परत पडला. तो कुणाला नाही म्हणत नसे. नंतर त्यानं करपलेल्या जिलब्या बाजूला काढल्या आणि नवा घाणा घातला. वरात निघाली तेव्हा पाक एकतारी झाला होता, म्हणून त्याला कमानीपर्यंत जाता आलं नाही.

असो. लग्न काही मोडलं नाही. ठकू सासरी रोज सगळ्यांना खरं सांगत असे, आणि सासरचे तिचं मोठं मन पाहून रोज गहिवरत असत.

खोकडानं मात्र डोळे मिटले होते ते उगीच नाही. पुढच्या हंगामात राजवाड्याच्या पॅकेजमध्ये एक नवा कार्यक्रम आला. त्याचं नाव 'सख्खे वडील'. कुंपण पुन्हा उभं केलं, पण आता त्याला बिजागऱ्या लावल्या. मध चाटवून झाला की नवरी पंजा ओढते, कुंपण आडवं होतं, आचारी पडतो, आणि नवरी म्हणते, "हे माझे वडील आहेत. सख्खे." हरणं असोत, ससे असोत, सगळ्यांच्या मुली म्हणतात. त्यांचे खरे वडील समोर बसून रडतात. दौलतरावांना कायमची नोकरी लागली आहे.

गोंदाला आता प्रत्येक लग्नात पुढे येता येतं. तो प्रत्येक मुलीला मनापासून मध चाटवतो आणि विचारतो, "पोरी, जेवलीस का?" हे पॅकेजमध्ये नाही. ते तो आपलं आपण विचारतो.

एकदा एका सांबराच्या लग्नाला आबासाहेबांबरोबर ठकू आली. पुढच्या बाजूनं, कमानीतून, पाहुणी म्हणून. कुंपण आडवं झालं, गोंदा पडला, आणि शालू नेसलेली सांबरी म्हणाली, "हे माझे वडील आहेत. सख्खे."

ठकूला राहवलं नाही. ती उठून धावली. "बाबा! अहो, उठा! बाई, हे माझे वडील आहेत!"

गोंदानं मान वर केली. तिच्याकडे पाहून तो उठायला लागला.

सांबरीची आई मधे आली. रागावलेली होती, पण रीतीभातीची बाई, म्हणून हळू बोलली. "असतील हो. पण आज ते आमचे आहेत. आम्ही पावसाळ्यापूर्वीच नोंदवलेत."

"गोंदाभाऊ," खोकड म्हणाला, "अजून फोटो व्हायचाय. पडून राहा."

गोंदा ठकूकडे पाहत पडून राहिला.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. चारचौघांत बोलावं, मोठ्यानं बोलावं, आणि फोटोवाला तयार आहे की नाही ते बघून बोलावं. खरं बोलल्यानं कुणाचंही नुकसान होत नाही, उलट पुढच्या हंगामाची सोय होते. फक्त आपला बाप आपल्यालाच हवा असेल, तर तो वेळेवर नोंदवून ठेवावा.