मिठागरातला फोटो

साहेब, भाईंदरला जेसल पार्कच्या नाक्यावरचा तुमचा फलक खोटा आहे. ‘आपल्या मिठागरांचे वैभव’ असं लिहून त्यावर जो फ्लेमिंगो उभा केलात, तो सायप्रसचा आहे. कसा, ते ऐका.

काशीनाथ म्हात्रेचं बालपण भाईंदरच्या मिठागरात गेलं. बाप मीठ ओढायचा, हा बांधावर बसून गुलाबी पक्षी मोजायचा. हे सांगितलं की नात आरोही म्हणायची, “आजोबा फेकतात.”

मुलगा यतीन सगळ्यांना सायप्रसला घेऊन गेला, तर तिथल्या खाऱ्या तळ्यात तेच पक्षी. काठावर गोरे लोक तोफेएवढ्या लेन्स लावून श्वास रोखून उभे.

“एवढ्या लांबून काय दिसणार यांना? पक्षी बांधावरून गाठायचा असतो,” काशीनाथ म्हणाला.

“बांध आहे का, ते आधी बघा,” बायको अनसूया म्हणाली.

“मिठागर म्हटलं की बांध असतोच.”

नव्हता. चौथ्या पावलाला तो गुडघाभर चिखलात. मोबाईल मात्र गौरीच्या मुखवट्यासारखा डोक्यावर धरलेला. दोन गोऱ्यांनी कॅमेऱ्याची तिवई पुढे करून त्याला ओढलं. थवा उडाला, चप्पल आतच राहिली, आणि त्या ओढाताणीत बोट दाबलं जाऊन एक फोटो निघाला. झकास.

काशीनाथने चिखलाने माखलेलं खारट बोट चाटलं. “बाबा घरी आले की मी त्यांच्या दंडाला बिलगायचो. हीच चव गं.” अनसूया त्याला रागावणार होती, ते राहूनच गेलं.

“इथे आहेत. तुमच्याकडे कुठे होते?” आरोहीने विचारलं.

“घरी गेलो की दाखवतो.”

परदेशवारी भावकीत कळू द्यायची नाही, नजर लागते, हा अनसूयेचा हुकूम. म्हणून फोटो ग्रुपवर टाकताना त्याने एवढंच लिहिलं : ‘आज सकाळी मिठागरात.’ पुतण्या दिपेशने तो परस्पर तुमच्या फोटो-स्पर्धेत दिला. तुम्ही जागा न बघता पहिला नंबर दिलात.

परतल्यावर काशीनाथ नातीला घेऊन भाईंदरच्या त्या जुन्या बांधावर गेला. बांध नव्हता. डेब्रिजचा भराव, पत्र्याचं कुंपण, वर दोन कावळे. येताना नाक्यावर फलक दिसला.

“आजोबा, हा तर चप्पलवाला फोटो. म्हणजे तुम्ही खरंच फेकता.”

तुमच्या बक्षिसाची ढाल त्याच्या घरी टीव्हीवर आहे, भिंतीकडे तोंड करून. चिखलातली चप्पल तो मागत नाही. चूक त्याचीही आहे, मान्य. पण इथे पक्षी होते, साहेब. फेकतंय कोण, ते त्या पोरीसमोर येऊन सांगा.