गॅलियमचा पंचनामा

म्हसावद रस्त्यावरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातले प्रयोगशाळा परिचर हिलालआप्पा एकतीस मे रोजी निवृत्त होणार होते. पेन्शनचा प्रस्ताव पुढे सरकण्यासाठी जडसंग्रह नोंदवहीतली प्रत्येक वस्तू जागेवर असल्याचा दाखला लागतो. चारशे अकरा वस्तू जागेवर होत्या. चारशे बारावी वस्तू होती गॅलियम, शंभर ग्रॅम. नोंद जानेवारीतली: 'धातू, घन, चकचकीत, नग एक.'

पडताळणी अधिकारी कुंदन गिरासे सत्तावीस मे रोजी दुपारी तीनला आले. बाहेर त्रेचाळीस अंश होते. त्यांनी बाटली उचलून हलवली. आत डुचमळले.

"यातला नग कुठे आहे?"

"हाऊच शे सायेब," आप्पा म्हणाले. "हिवायामा गोटा व्हस, उन्हायामा पानी व्हस."

रसायनशास्त्राच्या चेतना मॅडमनी सांगितले की गॅलियम तीस अंशांच्या आतच वितळते, तळहातावर ठेवले तरी वितळते. गिरासेंनी शांतपणे ऐकून घेतले. नोंदवहीत ऋतूचा रकाना नव्हता. त्यांनी शेरा लिहिला: घन नग एक, गहाळ. द्रव शंभर ग्रॅम, विनानोंद आढळला.

मॅडमनी मग एक चूक केली. खुलासा लेखी दिला आणि त्यात समस्थानिकांचीही माहिती घातली. निसर्गात गॅलियमचे दोन स्थिर समस्थानिक असतात, वस्तुमानांक एकोणसत्तर आणि एकाहत्तर, प्रमाण साधारण साठ-चाळीस. गुणधर्म जवळजवळ सारखेच. फरक दोन न्यूट्रॉनांचा.

"म्हणजे दोन वस्तू एकाच बाटलीत ठेवल्या," गिरासे म्हणाले. "हे मिश्रण कोणी केलं?"

"निसर्गाने, सर."

"कोणाच्या आदेशाने?"

शेरा वाढला.

आप्पांनी बाटली कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी गोटा तयार होता आणि बाटली तडकलेली होती, कारण पाण्याप्रमाणे गॅलियमही गोठताना फुगते. घन सापडला, मात्र काल नोंदलेला द्रव आता गहाळ झाला. शिवाय बाटली.

"मॅडम, मन्ही पेन्शन कितला अंशले वितयस, तेवढं सांगा," आप्पा म्हणाले.

गिरासे निर्दय नव्हते. तीस तारखेला मार्ग त्यांनीच काढला. तपासणीच्या दिवशी नग घनच होता, असा पंचनामा करायचा. घन असायचा तर हवा थंड हवी, म्हणून तेही लिहिले: सत्तावीस मे, दुपारी तीन, तापमान अठ्ठावीस अंश. समस्थानिक एकच आढळला. चेतना मॅडमनी सही करण्यास नकार दिला. विषयाच्या जाणकार असल्याने त्या पंच म्हणून अपात्र आहेत, असे नमूद करण्यात आले.

चार पंच आले. ब्राह्मणपुरीचे हिंमतराव घाम पुसतच आत शिरले. "कोठे सही करनी शे, तेवढं दखाड," म्हणाले. तापमानाच्या ओळीवर घामाचा थेंब पडला. तो टिपून सही झाली. वर छापलेलेच होते: 'वाचून पाहिले, बरोबर आहे.'

आप्पा वेळेवर निवृत्त झाले. पेन्शन सुरू झाली. पंचनाम्याची प्रत रीतसर वरच्या कार्यालयात गेली आणि तिथे ती वाचली गेली, हा एकमेव अनपेक्षित प्रकार.

पुढच्या एप्रिलमध्ये महाविद्यालयाने उन्हामुळे सकाळच्या सत्राची मागणी केली. ती फेटाळण्यात आली. ऐन मेमध्ये दुपारी अठ्ठावीस अंश असल्याचे चार प्रतिष्ठित नागरिकांनी प्रमाणित केले होते. भर दुपारी वर्गात चक्कर येऊन पडलेल्या पहिल्या विद्यार्थिनीचे नाव रंजिता. ती हिंमतरावांची नात.

हिंमतराव तावातावाने गिरासेंकडे गेले. गिरासेंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि त्यांचीच सही दाखवली. दुरुस्ती करता येईल, म्हणाले. त्रेचाळीस अंश लिहू. मग गॅलियम वितळलेले ठरेल, नग गहाळ ठरेल, आणि हिलालआप्पांची पेन्शन थांबवावी लागेल.

हिंमतरावांनी वर पंख्याकडे पाहिले. पंखा बंद होता. अठ्ठावीस अंशांना त्याची गरज नसते.

"ऱ्हाऊ दे मंग," ते म्हणाले. "अठ्ठावीसच शे."

त्या पंचनाम्यावर पाचव्या पंचाची जागा अजून रिकामी आहे. आपण इथवर वाचलेत, म्हणजे चारही पंचांपेक्षा जास्तच. आता सांगा, आप्पांची पेन्शन थांबवायची, की सही कुठे करायची ते दाखवू?