नॉलेजची चार अक्षरं

‘गरुडाची नजर, पोलादी मेंदू, आणि तपासात आजवर एकही अपयश नाही.’ हे वर्णन डोंबिवलीच्या डिटेक्टिव्ह कुंडलिकचं, आणि ते त्याने स्वतःच कार्डावर छापून घेतलं होतं. अपयश नव्हतं हे खरंच, कारण आजवर केसच आली नव्हती. दक्षता त्याची असिस्टंट. बायकोच असल्यामुळे तिला राजीनामा देता येत नव्हता.

पहिली केस तिच्याच मावसबहिणीने दिली. निशिगंधा कळव्याला सासरी राहायची आणि त्या दिवशी पाच वाजता घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजीचा क्लास सुरू करणार होती. सासूने, आवडाबाईने, बजावलंच होतं की पहिल्या दिवशी पाच पोरं जमली नाहीत तर खोली भाडेकरूला जाणार. पालकांवर छाप पडावी म्हणून निशिगंधाने पाटीसाठी ‘नॉलेज’ची नऊ जाडजूड लोखंडी इंग्रजी अक्षरं करवून घेतली आणि सकाळी निळी रंगवून ओट्यावर वाळत घातली. दुपारी पाहते तर चार गायब.

“कुठली?” कळव्याला पोचताच कुंडलिकने भिंग काढलं.

“के, डब्ल्यू, डी आणि एल. भावोजी, दोनच तास राहिलेत हो!”

कुंडलिकने डोळे मिटले. “बोलताना के ऐकू येतो? नाही. डब्ल्यू? नाही. डी? तोही नाही. चोर फक्त फुकट बसून खाणारी अक्षरं उचलतो! स्पेलिंगात नापास झालेला, सूडाने पेटलेला माणूस!”

“एल तर ऐकू येतो,” दक्षता म्हणाली.

“तो घाईत उचलला.”

मग उरलेली पाच अक्षरं उलटसुलट मांडून त्याने ‘जीन’ असा शब्द जुळवला. जास्तीचा ओ पायाने बाजूला सारला. “जीन म्हणजे वंश! चोर घरातलाच!”

“घरात मी आणि सासूबाई, दोघीच.”

“त्यांना इंग्रजी येतं?”

“एबीसीडीसुद्धा नाही.”

“मग त्या निर्दोष. राहिलीस तू!”

निशिगंधाला रडूच कोसळलं. दक्षताला नवऱ्याची भयंकर चीड आली. तेवढ्यात गच्चीवरून आवडाबाईची हाक आली, “कोनीतरी वर या गो, जवला परतायचाय!”

दक्षता वर गेली. गच्चीवर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, सुकत पडला होता. कावळ्यांपासून राखायला त्यावर जाळं, आणि जाळ्याच्या चार कोपऱ्यांवर चार निळी लोखंडी अक्षरं.

“मावशी, ही तुम्ही आणलीत?”

“मंग? वारा बघ कसा सुटलाय. ज्यांचा रंग सुकलेला ती आनली. मना कोनी इचारला का?”

मागोमाग निशिगंधा आली आणि तशीच उभी राहिली. अक्षरं उचलली तर जाळं उडणार, आणि टाकीवर कावळे रांगेत बसलेलेच होते. वर्षाचा जवळा जाईल, मग अक्षरं सासूकडे मागायची कशी? आवडाबाईने सुनेचं सुजलेलं तोंड पाहिलं. मग के उचलला, पदराने पुसला आणि तिच्या हातात दिला.

“रडतेस कनाला गो? ने चारी. जवल्याचा मी बघतंय.”

एका कोपऱ्यावर ती स्वतः बसली, दुसऱ्यावर दक्षता. मागून वर आलेल्या कुंडलिकच्या वाट्याला दोन आले, एकावर बैठक आणि दुसऱ्यावर लांब केलेले पाय.

“अहो, मी डिटेक्टिव्ह आहे!”

“मंग कावल्यांवर नजर ठेव.”

पाचला खालून पोरांचा गलका ऐकू आला. आवडाबाईला जागचं हलता येईना. “चपला बघ गो, किती जोड?”

दक्षताने मान उंचावून मोजले. “अकरा!”

“म्हणजे बावीस पोरं,” कुंडलिकने अनुमान काढलं.

आवडाबाईने डोळ्यांना पदर लावला. “त्या भाडेकरूला फोन कर,” ती दक्षताला म्हणाली. “सांग, खोली नाय मिलनार.”