थेंब मोजणारा माणूस नाय मी!

"दत्तारामानं उंबऱ्यात पाऊल टाकलं की त्याला महाबळेश्वर आठवलं पायजे, काय!" हैबतीने पडवीत उभं राहून जाहीर केलं. "आंबेनळीचा घाट न चढता महाबळेश्वर! बघच तू!"

त्याची बायको ठकूबाई अंगण सारवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "महाबळेश्वर ऱ्हाऊ द्या. आधी त्या म्हशीचं काय करताय ते सांगा."

म्हशीचंच तर सगळं दुखणं होतं! पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी हैबतीची वाडी, आणि वाडीतल्या सगळ्या घरांसारखा त्याचाही गोठा घराला चिकटून. माजघरात बसलं की म्हैस शेजारीच पाट मांडून बसल्यासारखी वाटायची. एरवी त्याचं कुणालाच काही वाटत नसे. पण आज लेकीला, अंकिताला बघायला तुडीलहून माणसं येणार होती. नुसतं बघायला म्हणायचं एवढंच! अंकिताचं आणि विपुलचं महाडच्या कॉलेजात असल्यापासूनच ठरलेलं. अडलं होतं ते विपुलच्या बापापाशी. दत्तारामाने होय म्हटलं तर वाजंत्री, नाही म्हटलं तर पोरगी जन्मभर बापाशी धड बोलणार नाही. आणि हा दत्ताराम आयुष्यभर डेअरीत दूध घेणारा माणूस! कॅन उघडला की नाकानेच दूध पास-नापास करायचा. मागे विपुलला सांगून आलेलं एक स्थळ 'घरात कुबट वास येतो' एवढ्यावर मोडून आला होता म्हणे.

म्हणून अंकिताने ऑनलाइन एक यंत्र मागवलं होतं. डिफ्युजर. दिसायला तांब्याएवढं, तोंडातून वाफ सोडणारं. सोबत छोट्या छोट्या बाटल्या. लव्हेंडर, निलगिरी, पेपरमिंट, आणखी कसली कसली.

"बाबा, नीट ऐका," तिने बजावलं होतं. "ह्यात पाणी घालायचं आणि फक्त चार थेंब. खिडक्या उघड्या. थोडा वेळ लावायचं की बंद. हे तेल अंगाला लावायचं नाय. आणि मांजर आत कोंडायचं नाय, त्याला ते सोसत नाय."

"चार थेंब?" हैबतीला हसू आवरेना. "मी काय होमिओपॅथीचा डॉक्टर हाय? अगो, गावजेवणाला मीठ चिमटीनं घालतात काय?"

"बाबा!"

"बरं बरं. चार म्हणजे चार."

अंकिता साडी नेसायला आत गेली आणि हैबतीने कामाला हात घातला. पहिले चार थेंब टाकले. हुंगून बघितलं. म्हैस! आणखी चार टाकले. तरी म्हैसच! मग त्याच्यातला खरा हैबती जागा झाला. त्याने निलगिरीची बाटली उपडी केली, तिच्यावर पेपरमिंटची केली, आणि रुसायला नको म्हणून बाकीच्यांतलंही थोडं थोडं घातलं. मग खिडक्या लावल्या, मागचं दार ओढून घेतलं. विकतचा वास फुकट बाहेर कशाला घालवायचा? मांजर तेवढं हुशार. यंत्राने पहिला फुत्कार टाकला तसं ते दार ओढायच्या आत बाहेर पळालं, ते थेट आंब्यावर!

बाटलीच्या तळाशी अजून थोडं पेपरमिंट उरलं होतं. वाया कशाला दवडा? हैबतीने ते अत्तरासारखं मानेला चोळलं, मिशीला लावलं, कानामागे थापलं. तेवढ्यात बाहेर गाडी वाजली.

"या या या! पायधूळ झाडली!" हैबतीने दत्तारामाला आणि विपुलला दारातच गाठलं. आता पाहुण्याला अत्तर लावायचं हा तर आपल्याकडचा मान. त्याने दत्तारामाचा हात धरला आणि बाटलीत शिल्लक होतं ते त्याच्या मनगटावर ओतलं. "मुंबईवरनं आलेलं तेल हाय!" असं म्हणून दोघांना माजघरात बसवलं आणि दार लावून घेतलं.

माजघरात समोरचा माणूस दिसत नव्हता इतकी वाफ साचली होती.

दत्ताराम एकदा शिंकला. मग विपुल शिंकला. मग दोघांची जुगलबंदीच लागली! "घर... आक्छी!... घर छान हाय... आक्छी!" म्हणत दत्तारामाने पाणावलेला डोळा पुसला. तोही मनगटाने!

"अयाई गं! मेलो! डोळा गेला माझा!"

इकडे हैबतीच्या मानेवर एव्हाना बर्फही पेटला होता आणि निखाराही. मिशीतून अशी झिणझिणी चढली की दोन्ही डोळ्यांना धारा लागल्या. "ठकू! पाणी आण गो पाणी!" पण ठकूबाई पोह्यांच्या बश्यांसह वाफेत शिरली होती आणि तिचीच तिला वाट सापडत नव्हती.

शेवटी अंकिता धावत आली. एका नजरेत सगळं कळलं बिचारीला! तिने यंत्राची वायर उपटली, दारं-खिडक्या फटाफटा उघडल्या आणि सगळ्यांना बाहेर काढलं. दत्तारामाला पायरीवर बसवून त्याच्या डोळ्यावर स्वच्छ पाण्याची धार धरली. "चोळू नका काका, नुसती उघडझाप करा." मग त्याच्या मनगटाला खोबरेल तेल लावून फडक्याने पुसून काढलं. बापाच्या मानेलाही लावलं, पण तिथे जरा जोरातच चोळलं.

"चार थेंब सांगितलेले ना बाबा?" तिने विचारलं.

हैबतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीच्या तोंडाकडे बघवेना, आणि डोळेही उघडत नव्हते. तो पडवीत घोंगडीवर आडवा झाला. ठकूबाईने त्याच्या तोंडावर ओलं धोतर टाकलं, उशाशी बसली आणि तिचा बांध फुटला.

"अहो, काय केलंत हो हे! आता माझ्या पोरीचं कसं होणार हो!"

पायरीवर दत्ताराम डोळे पुसतोय, विपुल नाक पुसतोय, अंकिता खांबाला टेकून मुसमुसतेय, आणि मधोमध पांढऱ्या धोतराखाली हैबती. वरच्या शेतातून हे सगळं कुणी बघितलं असेल तर रामजीने!

रामजी म्हणजे हैबतीचा चुलतभाऊ. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं कधीचंच बंद. पण मयताच्या कामात वाडीत रामजीचा हात धरणारा कुणी नाही. बांबू कुठला तोडायचा, मुंबईला पहिला फोन कुणाला करायचा, सगळं त्याला तोंडपाठ. त्याने उभ्या उभ्या मुंबईतल्या वाडीकरांच्या मंडळाचा सेक्रेटरी सुनील याला फोन लावला, "हैबती गेला रे!" म्हणून सांगितलं, आणि कोयता कमरेला लावून धावत खाली आला. आला तो थेट हैबतीच्या अंगावरच कोसळला!

"हैबतीऽऽ! असा न सांगता गेलास रे! असा दिलदार माणूस नाय मिळायचा! माझा बैल पडला तेव्हा बोलणं बंद असून तू माझं शेत नांगरून दिलंस रे! मी रातोरात तुझा बांध सरकवला, तरी कधी कोर्टकचेरी केली नायस रे!"

धोतराखाली हैबती दचकला. डोळ्यांची आग विसरला, मानेची विसरला.

"काय म्हणालास?" तो ताडकन उठून बसला. "बांध तू सरकवलास?"

रामजीने अशी किंकाळी फोडली की आंब्यावरचं मांजर खाली पडलं. तो चार हात मागे सरकला, हैबतीला नीट निरखलं, आणि भूत नाही अशी खात्री पटताच तोंड वाकडं करून म्हणाला, "मयतासमोर बोललेलं जित्याला लागू नाय!"

पायरीवरून कसलातरी आवाज आला. हैबतीला वाटलं, झालं, पाहुणे उठले! पण दत्ताराम पोट धरून हसत होता. हसून हसून त्याला पुन्हा धारा लागल्या.

"हैबतीभाऊ," जरा दम घेऊन तो म्हणाला, "सगळ्या पोलादपुरात तुमची चौकशी केली मी. जो तो म्हणतो, 'बरे हायत.' बरे म्हणजे काय समजायचं माणसानं? आज ज्याचं तुमच्याशी बोलणं नाय, त्याच्याच तोंडून ऐकलं! आणि पोरीनं तर माझा डोळा वाचवला. आमचा होकार हाय. फक्त लग्नात अत्तर लावायला दुसरा माणूस ठेवा!"

ठकूबाईने पदर डोळ्याला लावला. ह्या खेपेला आनंदाने. हैबतीला वाटलं, रामजीला मिठी मारावी. पण बांध आठवला आणि नुसता नमस्कार केला.

ह्या आनंदात मुंबईला उलटा फोन करायचं राहूनच गेलं. दुपारची जेवणं उरकली आणि हैबतीचा फोन वाजला. सुनीलचा.

"रामजी काय? भाऊकी सगळी बसमध्ये बसली रे. पेण सोडलं. आम्ही येईस्तोवर हैबतीला उचलू नका!"

"सुनील, मी हैबतीच बोलतोय. जिता हाय मी."

 सुनील दबक्या सुरात म्हणाला, "आता काय उपयोग?"

"म्हणजे?"

"अरे, सगळ्यांनी साहेबांना तू गेलास म्हणून सांगून रजा घेतलीय! गुरुवार-शुक्रवार पकडून चार दिवसांची! आता तू जिता निघालास तर आमच्या नोकऱ्या जातील!"

हैबतीने फोन कानाला तसाच धरून दत्तारामाला विचारलं. एवढी भाऊकी घरबसल्या येतेय, तर साखरपुडा आजच उरकायचा काय? दत्ताराम आनंदाने तयार झाला. संध्याकाळी बस आली. रडायला आलेली माणसं पेढे खाऊन नाचली, आणि असा थाटाचा साखरपुडा वाडीने बघितला नव्हता. अंकिता हसत होती, विपुल लाजत होता. सुनील सगळ्यांचे फोटो काढत होता, आणि हैबती हौसेने पुढे सरसावला की त्याला हाताने बाजूला करत होता.

"तू नको रे मधे येऊ. साहेब फेसबुकवर हायत आमचे!"

लेकीच्या साखरपुड्याच्या एवढ्या फोटोंत बाप कुठेच नाही. एकात तेवढं बघितलं तर खांबामागून अर्धी मिशी दिसते.