सशाला विचारून सांगतो

औषधाची शीशी घेताना गिऱ्हाईक भाव विचारतं. गुरांच्या दवाखान्यातले वामनराव डॉक्टर सशाला विचारायचे.

त्यांच्या बायकोला मधुमेह होता, रोज इन्सुलिन लागायचं. स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. वर्ध्याचा उन्हाळा, उष्णतेने इन्सुलिनचा गुण जातो आणि माझ्या औषधांच्या दुकानात फ्रिज नाही. मी नागपूरहून थर्मासात बर्फ घालून शीश्या आणायचो. देवळीच्या बाजारात टोपलीतून चूर्णं विकत वर आलेला माणूस मी. मालाला नाव ठेवलेलं मला खपत नसे. पण हे गृहस्थ शीशी उजेडात धरून दुकानभर ऐकू जाईल असं म्हणत, "तुमच्यावर भरोसा आहे शेठ. पण सशाले विचारून सांगतो."

मग रात्रभर उपाशी ठेवलेल्या सशाला त्यातलं थेंबभर टोचायचं, कानाच्या शिरेतून रक्त घ्यायचं, नळीत औषधं घालून उकळायचं आणि निळा रंग किती उमटला त्यावरून रक्तातली साखर मोजायची. साखर उतरली की सायकलवरूनच आरोळी, "शेठ, पास!" जणू पोरगं मॅट्रिक झालं.

एका मे महिन्यात आरोळी आली, "नापास!" आष्टीहून आलेल्या पाटलाने हातातली शीशी तिथल्या तिथे परत ठेवली. माझं डोकं फिरलं.

"नापास तुमचा ससा असन! माझ्यासमोर तपासा."

"या उद्या सकाळी घरी. घरातली शीशी तळाले आली आहे, मलेही घाई आहे."

गेलो. वहिनींनी मला गुळाचा चहा दिला, स्वतः बिनगुळाचा घेतला. सशाला सुई टोचून डॉक्टर नळ्या धुवायला मोरीवर आले, मी मागोमाग. खिडकीतून आत दिसत होतं. वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं, पदराआडून गूळ लावलेला पोळीचा तुकडा काढला आणि पिंजऱ्यात सरकवला.

"खाय रे राजा. लेकराले असं उपाशी ठेवते का कोणी?"

गूळ पोटात गेल्यावर साखर उतरणार कशी? मी तोंड उघडणार, तोच डॉक्टरांनी माझा दंड धरला. मग निमूट रक्त घेतलं, रंग पाहिला आणि माझी नजर चुकवून म्हणाले, "नापास." माप खोटं सांगणं त्यांना जमणारं नव्हतं.

फाटकाबाहेर मी तडकलो. "चोर सापडला, तरी बदनाम मीच?"

"शीशी चांगली असन. दवाखान्यात दुसऱ्या सशावर पाहतो."

"मग दुकानात येऊन सांगा ना, काऊन नापास झाली होती ते!"

"तिच्या कानावर जाईन, शेठ." त्यांनी फाटकाला कडी घातली. "तिचं गोड बंद झालं, तसं मीही सोडलं. लेकरूबाळ नाई. तिच्या हातचं गोड खाणारं घरात तेवढंच एक राह्यलं."

दुसऱ्या सशावर शीशी पास झाली, वहिनींना तीच लागू पडली. पण चारचौघांत डॉक्टरांनी अवाक्षर काढलं नाही. आज ते दोघंही नाहीत; माझा राग मात्र आहे.

पुढे वहिनींच्या नकळत तपासणी दवाखान्यातच होऊ लागली. घरचा ससा नुसता फुगत चालला. तरी मी शीशी घेऊन गेलो की डॉक्टर स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचे, "अवं, उद्या तपासणी आहे! याले काई देऊ नको!" आणि पिंजऱ्याकडे पाठ करून शीशीवरचं लेबल वाचत उभे राहायचे. लेबल ते केवढंसं. पण वहिनींची पावलं पिंजऱ्यापर्यंत येऊन परत जाईस्तोवर त्यांचं वाचून व्हायचं नाही.